कोकणात घराभोवती झाडं-झुडपं लावताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की हे प्रश्न सुरू होतात. चाकरमानी गावी आलेले असतात, घरामागचं मोकळं परडं डोळ्यात भरतं, पाऊस तोंडावर असतो आणि सगळ्यांना एकदमच झाडं लावायची असतात. प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलंय. रत्नागिरी-सिंधुदुर्ग डोक्यात ठेवून लिहिलंय, रायगड-पालघरवाल्यांनाही बरंचसं चालेल. घाटावरच्यांनी मात्र जपून, तुमची माती वेगळी आणि पाऊसही वेगळा.

नवीन घर बांधलंय, चारी बाजूंनी रिकामं आहे. पहिलं झाड कुठलं लावू?

नर्सरीत जायच्या आधी एक फेरी मारा, तीही मे महिन्यातच आणि आपल्याच वाडीत. कोणी पाणी घालत नसताना कुठली झाडं हिरवीगार उभी आहेत ते बघा, कुठल्या झाडाची समुद्राकडची बाजू करपलीय ते बघा, शेजाऱ्याचं जुनं झाड केवढं पसरलंय ते पावलांनी मोजा. नर्सरीतल्या पिशवीत सगळीच रोपं दीड फुटाची आणि गोजिरी दिसतात हो, फणस पण आणि अबोली पण. जे झाड तुमच्या शेजारी तीस-चाळीस वर्षं वारा-पाऊस-ऊन खाऊन उभं आहे ते तुमच्याकडेही जगणार, एवढा साधा हिशोब आहे, आणि यूट्यूबवर बघून मागवलेल्या झाडाबद्दल ही गॅरंटी कोणीच देत नाही.

झाड आवडलं पण नाव माहीत नाही. कसं शोधायचं?

मोबाईलचं अॅप चालतं पण नुसत्या पानाचा फोटो टाकू नका. फूल, फळ, खोडाची साल, पानाची मागची बाजू असे चार-पाच फोटो टाका. आणि मग वाडीतल्या एखाद्या आजीला विचारा, कारण इथे एकाच झाडाला दर दहा मैलांवर वेगळं नाव असतं, बकुळीला कोणी ओवळ म्हणतं, सप्तपर्णीला सातवीण म्हणतात. नर्सरीवाल्याला स्थानिक नाव आणि अॅपमधलं शास्त्रीय नाव दोन्ही सांगितलंत की घोळ कमी होतो.

आमच्या देवराईत मस्त जुनी झाडं आहेत. तिथलं रोप आणून लावलं तर?

रोप उपटू नका. खाली पडलेलं बी मिळत असेल तर आधी गावच्या मानकऱ्यांना विचारा, काही ठिकाणी काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत, तिथला शब्द पाळायचा, विषय संपला. बी मिळालं तर लगेच पेरायचं. सुरंगी, कोकम, फणस, आंबा ह्यांची बी सुकवून डब्यात ठेवली की मेली म्हणून समजा. बहाव्याचं उलटं असतं, त्याचं कवच कडक, थोडं घासून रात्रभर पाण्यात टाकल्याशिवाय उगवायला फार वेळ लावतं.

आमचा प्लॉट सड्यावर आहे, वीतभर मातीखाली कातळ. काही येईल का?

येईल की, हापूसच्या कित्येक बागा सड्यावरच उभ्या आहेत. पण खड्ड्यात कंजूषपणा चालत नाही. आंब्यासारख्या झाडाला एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा लागतो, झुडपांना दोन फुटांचा पुरतो. एप्रिल-मेमध्येच खणून घ्या, उन्हात तापू द्या.

आता महत्त्वाचं. जेसीबीने कातळात गोल खड्डा मारला, माती भरली, झाड लावलं, आणि जुलैत पानं पिवळी पडून झाड गेलं, अशी फोन करणारी माणसं दरवर्षी असतात. कारण तो खड्डा म्हणजे दगडाची बादली झालेली असते, पाणी जायला वाटच नाही आणि मुळं कुजतात. म्हणून माती भरायच्या आधी खड्ड्यात पाणी ओतून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तसंच साचलेलं असेल तर उताराच्या बाजूने चर फोडा किंवा जागा बदला, आणि भरताना माती जमिनीच्या वर थोडी उंचवट्यासारखी घ्या म्हणजे बुंध्यापाशी डबकं होणार नाही.

जांभ्याची (तांबड्या सच्छिद्र दगडाची) माती आम्लधर्मी असते आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, झाडाला लवकर देत नाही. म्हणून भरताना चांगलं कुजलेलं शेणखत, पातेरा (सुका पालापाचोळा) आणि सिंगल सुपर फॉस्फेट मिसळतात. ताजं शेण नको, वाळवीला आमंत्रण.

घरासमोर थेट समुद्र. लावलेलं सगळं करपतंय.

पहिली रांग वाऱ्याला द्यायची. उंडी, भेंड, करंज, माड, केवडा ही मंडळी खारा वारा अंगावर घेतात. सुरू पटकन वाढतो म्हणून किनाऱ्यावर सगळीकडे लावलाय, पण त्याच्या काड्यांच्या थराखाली दुसरं फारसं काही येत नाही, घराशेजारी मला तरी तो आवडत नाही. उंडी मात्र जरूर लावा. चकचकीत जाड पानं, पांढरी सुवासिक फुलं, दाट सावली. तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यात जळायचं, होड्यांच्या लाकडाला लावायचं. वाढायला हळू आहे, तेवढा धीर धरा.

ही रांग छातीएवढी झाली की तिच्या आडोशाला जास्वंद, अनंत, चाफा वगैरे लावा. तोवर नाजूक रोपांना झावळांचा आडोसा करा. आणि जोराच्या वाऱ्यानंतर पानांवर मीठ बसतं ते गोड्या पाण्याने धुऊन टाकलं तर फरक पडतो.

विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं. तेच घातलं तर चालेल?

माडाला चालतं, भेंड-उंडीलाही. आंबा, सोनचाफा, मोगरा यांची पानं कडेने जळायला लागतात. खाडीकाठच्या लोकांनी झाडं निवडतानाच हे धरून चालावं, नंतर टँकर मागवून बाग जगवणं परवडत नाही.

परड्यात एकच हापूस लावला तर आंबे धरतील ना?

हापूस स्वतःच्या परागावर फारसा धरत नाही, जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं. गावात रायवळ (बियांपासून वाढलेले गावठी आंबे), पायरी असतातच म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अगदी एकटं घर असेल तर सोबत एक केसर किंवा रत्ना लावा.

खरं सांगायचं तर घरच्या खाण्यासाठी मी रत्नाच सुचवतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली जात, १९८१ ची. झाड आटोपशीर राहतं, बऱ्यापैकी दरवर्षी धरतं, फळात साका (गरात होणारा पांढरट खराब भाग) नसतो. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष तोंड फिरवतो हे सगळ्यांना माहीत आहे तरी सगळ्यांना हापूसच पाहिजे, असो. पुढे रत्ना आणि हापूसच्याच संकरातून १९९२ मध्ये सिंधू आली, तिची कोय अगदी पातळ असते.

अंतर: नेहमीच्या आंब्याला ३३ फूट, माडाला २५, कोकमाला २०. एवढी जागा नसेल तर एकच झाड लावा. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तर खुडून टाका, जीव तुटतो पण खुडा.

कलम घ्यायचं की बी पेरायची?

फळझाड असेल तर कलम. कोकमाच्या बाबतीत तर हट्टाने कलमच, कारण कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासूनची रोपं लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं सहा-सात वर्षं पाणी घातल्यावर! जायफळाचंही तेच. कोकमात कोकण अमृता, कोकण हातिस ह्या विद्यापीठाच्या जाती आहेत. कोकम पिकतं एप्रिल-मेच्या सुमारास, आणि उशिरा पिकणारं झाड असेल तर फळं पावसात सापडून आमसुलं वाळवायची बोंब होते, म्हणून लवकर तयार होणारी जात मागा.

कलम बघताना जोडाची जागा नीट भरलीय का बघा, प्लॅस्टिकची पट्टी आवळून रुतली असेल तर सोडवा. लावताना जोड मातीच्या वर ठेवायचा. जोडाच्या खालून जी फूट येते ती खुंटाची, म्हणजे खालच्या रोपाची, दिसली की काढायची. कित्येकांकडे वरचा हापूस कधीच मरून गेलेला असतो आणि खालचा रायवळ जोमात वाढत असतो, मालकाला पत्ताच नाही.

सावलीची, फुलांची, रानटी झाडं असतील तर बियांचं रोपच बरं, सोटमूळ खोल जातं आणि झाड वाऱ्याला टिकतं.

वासाची फुलं हवीत. गुलाब नको, आपल्याकडची सांगा.

हा माझ्या आवडीचा प्रश्न. सुरंगीपासून सुरू करू.

सुरंगी हे आपल्या पश्चिम घाट-कोकणपट्टीचंच झाड. काळपट हिरवी जाड पानं, सदाहरित, गोल घेर. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जुन्या फांद्यांना चिकटून कळ्यांचे घोस येतात, कळी फुटायच्या आत पहाटे काढावी लागते नाहीतर मधमाश्यांचं राज्य. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीच्या बाजूला ह्या झाडांवर घरं चालतात, सीझनला वळेसर (गजरे) करून विकतात. वाळलेल्या फुलालाही वास राहतो. झाड हळू वाढतं, बियांपासून लावलं तर फुलं बघायला बरीच वर्षं जातात, आणि त्यातही काही झाडं नुसती नर निघतात (फुलं देतात, फळं नाही, वळेसराला त्याने काही बिघडत नाही). नातवंडांसाठी लावायचं झाड आहे हे, पण लावा, कारण नवीन कोणी लावतच नाहीये.

बकुळ तशीच, हळू पण कायमची. फुलं वेचायची लहान मुलांना कामगिरी मिळते, आणि सुकल्यावरही वास जात नाही. अंगणाच्या कडेला छान.

घाई असेल तर कलमी सोनचाफा, तो लहानपणीच फुलायला लागतो. फक्त पाणी साचलेलं त्याला अजिबात खपत नाही, पावसाळ्यात सगळ्यात जास्त मेलेलं फुलझाड हेच असतं. प्राजक्त आपोआप वाढतो, वर्षाआड छाटत राहिलं तर बरा, नाहीतर नुसता काटकुळा होतो. अनंताला अर्धी सावली आणि आम्ल माती आवडते म्हणजे आपली जांभ्याची मातीच, त्यामुळे कोकणात तो फार लाड न करता फुलतो. मोगऱ्याला भरपूर ऊन हवं, पावसाळ्यानंतर पाणी थोडं तोडून थंडीत छाटणी केली की उन्हाळ्यात बहर चांगला येतो.

आणि कुडा! पांढरी फुलं, मे महिन्यात रान भरून असतो, कोणी बागेत लावत नाही. का ते मला कळलेलं नाही.

ताम्हण घराजवळ लावता येईल का?

हो, जागा असेल तर. महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे, एप्रिल-मेमध्ये जांभळा बहर येतो. मुळात वहाळाच्या (ओढ्याच्या) काठचं झाड, म्हणून न्हाणीघराचं पाणी जातं तिकडे लावा, खूश राहील. कोरड्या सड्यावर रडत राहतं.

अशोक लावायचाय, नर्सरीत मिळतो तो उंच सरळ.

तो अशोक नाही, आसुपालव आहे. खरा तो सीताअशोक, नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात, झाड मध्यम आणि पसरट, पानांची कोवळी पालवी लोंबती असते. रानात तो आता कमी झालाय. अर्धी सावली, ओलावा दिला की पोफळीच्या (सुपारीच्या) बागेच्या कडेलाही होतो.

कुंपणाला काय लावू? लवकर वाढणारं सांगा.

जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) असेल तर त्याच्या आत निर्गुंडी, मेंदी, कोरांटी, जास्वंद. गुरं आत घुसत असतील तर करवंद, काटे आहेत, पाणी मागत नाही, वर लोणच्याला फळं. गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) दांडे पावसाच्या सुरुवातीला ठोकले की महिन्याभरात फुटतात, शिवाय त्याचा पाला खत म्हणून आळ्यात टाकता येतो, त्यामुळे स्वस्तात मस्त.

रिसॉर्टवाल्यांचं बघून कोनोकार्पस (परदेशी शोभेचं झाड) लावू नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीय. टणटणीसुद्धा मुद्दाम आणू नका, ती न बोलावता येते.

घरात लहान मुलं आहेत, कुठली झाडं टाळू?

कण्हेर आणि बिट्टी, दोन्ही विषारी, बिट्टीचं बी तर फारच. देवाच्या फुलांसाठी लावायचीच असतील तर मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि गुरांच्या तोंडापासून लांब. एरंडाच्या बियाही तशाच. सातवीण ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलली की काहींना तो उग्र वास सहन होत नाही, डोकं धरतं, म्हणून खिडकीखाली नको.

वांदरांचो काय तरी उपाय सांगा!

असता तर मीच पहिला केला असता. वांदर (काळ्या तोंडाचे) आणि केळडी (लाल तोंडाची माकडं) दोन्ही आता गावात आहेत आणि फटाके, आरसे, भगवं फडकं सगळ्याला सरावलेत. नारळाची बोंडं, आंबा, पेरू, पपई, केळी ह्यात नुकसान ठरलेलं. त्यामानाने दालचिनी, तमालपत्र, मिरी ह्यांच्या वाटेला ती कमी जातात. माडाच्या सावलीत ही मसाल्याची झाडं छान येतात, रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची लाखी बाग ह्याच पद्धतीची, नारळात जायफळ-दालचिनी-मिरी. बघून या एकदा.

लावायची नक्की वेळ कोणती?

पहिल्या पावसात नाही, पाऊस नीट जम धरून पडायला लागल्यावर. साधारण जूनचा दुसरा पंधरवडा. जुलैच्या मुसळधारेत लावलं तर रोप हलतं, काठी बांधा. ज्यांच्याकडे नंतर पाण्याची सोय आहे ते गणपतीत आले की लावतात, तेही चालतं.

पिशवी पूर्ण फाडून काढा. तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं असेल तर ते कापा, न घाबरता. तसंच लावलं की झाड वर वाढतं पण खाली धरत नाही आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला आडवं.

आम्ही मुंबईत. वर्षातून दोन-तीनदाच येणं होतं. झाडं कशी जगवायची?

स्पष्ट बोलतो. पावसाळ्यात सगळंच जगतं, झाड मरतं ते फेब्रुवारी ते मेमध्ये. पहिले दोन उन्हाळे पाण्याची सोय नसेल तर आंबा-माड लावूच नका. काजू, करवंद, धायटी, कुडा, करंज असली काटक झाडं घ्या. काजूला पण पहिल्या उन्हाळ्यात पाणी मिळालं तर उत्तम.

ऑक्टोबरमध्ये एक फेरी हवीच. गवत काढा, आळं करा, आळ्यात जाड पातेरा नाहीतर सोडणं (नारळाची वरची सालं, हो) उलटी घाला, नैऋत्येकडून झावळांची सावली करा. बुंध्याला पातेरा टेकवू नका, वाळवी चढते. बारीक भोकाचं मडकं शेजारी पुरून आठवड्याला भरायला कोणाला तरी सांगा, आणि त्या माणसाला पैसे द्या, नुसतं "लक्ष ठेव हा" सांगून कोणी लक्ष ठेवत नाही. डिसेंबरात प्लॉटच्या कडेने गवत साफ करून पट्टा मोकळा ठेवला नाहीत तर वणव्यात सगळं जाईल ते वेगळंच.

घरापासून किती लांब लावायचं?

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते, दोन्ही बघितल्यावर हा प्रश्न वाढलाय. निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि तिथल्या पोफळी-माडांच्या जुन्या वाड्या आडव्या झाल्या. मोठं होणारं झाड कौलांपासून निदान पंचवीस-तीस फूट ठेवा. माड अंगणात शोभतो पण त्याची झावळ आणि नारळ कुठे पडणार ते आधी बघा. सुक्या फांद्या एप्रिलमध्ये उतरवून घ्या. आणि बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक, काँक्रीट घालून पार बांधू नका, मुळं गुदमरतात आणि अशीच झाडं वादळात पहिली जातात. गडग्यात उगवलेला वड-पिंपळ बोटाएवढा असतानाच काढून दुसरीकडे लावा.

आंब्याच्या खोडातून भुसा पडतोय.

भिरूड. लगेच बघा, थांबू नका. भोक शोधून तारेने अळी बाहेर काढायची, मोठं असेल तर पटाशीने साल उघडून. काजूला बुंध्याशी असाच भुसा आणि डिंक दिसला तर तो रोठा, तोही तसाच शोधून काढायचा, मुळांपर्यंत पोचला की झाड वाचत नाही.

माडाचं नवं पान उघडल्यावर कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखं दिसलं तर गेंड्या भुंगा. तो शेणाच्या उकिरड्यात वाढतो, म्हणून गायरी (शेणाचा खड्डा) माडापासून लांब ठेवा, शेणखत उलथताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की कोंबड्यांना घाला. माडाच्या पानांवर काळी काजळी धरली असेल तर वर पांढरी माशी आहे. विषारी फवारणीच्या मागे लागू नका, तिला खाणारे मित्रकीटकही त्यात मरतात, पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा.

खत?

पावसाच्या सुरुवातीला शेणखत, गिरिपुष्पाचा पाला, थोडी राख. घरच्या बागेला पुरे. बागेतला पाचोळा जाळू नका, एवढं केलंत तरी निम्मं खत विकत आणावं लागणार नाही.

खात्रीची रोपं कुठे मिळतील?

दापोलीचं विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र (काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे जाती तिथल्याच), माडासाठी भाट्ये. नोंदणी आधी करा, जूनमध्ये गेलात तर रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता जास्त. खाजगी नर्सरीतून घेताना मातृवृक्ष दाखवा म्हणा, दाखवणारा सहसा फसवत नाही.

आपल्याच परड्यातलं जुनं झाड तोडायचंय, कोणाला विचारायला लागतं का?

लागतं. आंबा, फणस, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ अशा काही झाडांना १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, जागा स्वतःची असली तरी. नगरपरिषदेच्या हद्दीत नियम वेगळे, तिथे नगरपरिषदेत अर्ज. गावात असाल तर वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारून घ्या आणि मगच कटरवाल्याला फोन करा. आणि नुसत्या फांद्या कौलांवर येतायत एवढीच तक्रार असेल तर पावसाआधी चढणारा माणूस बघून तेवढ्या उतरवून घ्या, झाड ठेवा.